घाट उतरताना ब्रेक का सुटतो? सीमाभागातील छोट्या गाड्यांसाठी देखभालीचा कानमंत्र

बेळगावहून गोव्याला निघाले की चोर्ला, सावंतवाडीकडे वळले की आंबोली आणि निपाणीहून संकेश्वरकडे येताना तवंदी. सीमाभागातील माणसाला घाट काही चुकत नाही. त्यात जूनपासून पाऊस. अल्टो, वॅगन आर, आय टेन, टियागो यांसारख्या छोट्या गाड्या घरोघरी आल्या. पण देखभाल म्हणजे 'दहा हजार किलोमीटर झाले की ऑईल बदलायचे' एवढाच अनेकांचा समज आहे. इथल्या रस्त्यांवर तेवढ्याने भागत नाही.

ब्रेक ऑईलकडे दुर्लक्ष नको

इंजिन ऑईल सगळे बदलतात, ब्रेक ऑईल मात्र वर्षानुवर्षे तेच राहते. हे ऑईल हवेतील ओलावा शोषून घेते. ओलावा वाढला की ते कमी तापमानाला उकळू लागते. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून चाकाजवळची उष्णता वाढली की ऑईलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दबत नाही, वाफ मात्र दबते. त्यामुळे पॅडल थेट खाली जाते आणि ब्रेक लागत नाही. म्हणून बहुतेक गाड्यांत साधारण दोन वर्षांनी ब्रेक ऑईल बदलावे लागते. नेमकी मुदत गाडीच्या पुस्तकात दिलेली असते. ब्रेक दाबताना किरकिर आवाज येत असेल तर पॅड झिजले असे समजून गॅरेज गाठावे. मागच्या चाकांचे ड्रम ब्रेकही मेस्त्रीला उघडून साफ करायला सांगावेत.

न्यूट्रलने पेट्रोल वाचत नाही

उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडण्याची सवय अजून गेलेली नाही. आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनला जाणारे पेट्रोल जवळजवळ बंदच होते. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागते. म्हणजे वाचत काही नाही, आणि इंजिनचा अटकाव गेल्यामुळे सगळा भार ब्रेकवर येतो. इंजिन बंद करणे तर त्याहून घातक. दोन-चार वेळा पॅडल दाबले की ब्रेकला मिळणारी मदत संपते, स्टिअरिंगही जड होते. तीव्र उतारावर दुसरा, गरज पडली तर पहिला गिअर टाकावा; ब्रेक सतत दाबून न ठेवता थोडा दाबून सोडावा.

टायर: खाचा आणि वय दोन्ही पाहा

टायरच्या खाचा पाणी बाहेर टाकतात. खाच १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की टायर कायद्यानेही बाद. खाचांच्या तळाशी असलेले छोटे उंचवटे पृष्ठभागाला टेकले की ही मर्यादा आली, हे डोळ्यांनी कळते. पावसाळ्यात तोवर थांबूही नये. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. खाचा चांगल्या दिसल्या तरी रबराला भेगा पडलेला जुना टायर घाटात नेऊ नये. हवा दर पंधरवड्याला, टायर थंड असताना तपासावी. किती भरायची ते चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेले असते. स्टेपनीतही हवा आहे ना, तेही बघून घ्यावे.

पुराच्या पाण्यात गाडी घालू नका

जुलै २०२१ मध्ये वेदगंगेच्या पुराने निपाणीजवळ यमगर्णी येथे महामार्गच पाण्याखाली गेला होता. अशा पाण्यात छोटी गाडी घालणे जिवाशी खेळ आहे. शिवाय हवेच्या वाटेने पाणी इंजिनमध्ये शिरले की पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करू नये, ओढून गॅरेजला न्यावी. साध्या विम्यात हे इंजिनचे नुकसान बहुधा धरले जात नाही. इंजिन संरक्षणाची वेगळी जोड आहे का, ते नूतनीकरणाच्या वेळीच विचारावे.

धूळ, कूलंट आणि वायपर

उसाच्या हंगामात ट्रॉल्यांची माती, एरवी कच्च्या रस्त्याची धूळ. त्यामुळे एअर फिल्टर लवकर तुंबतो, ॲव्हरेज कमी होते. गाडीच्या पुस्तकात धुळीच्या व कठीण वापरासाठी कमी अंतराचे वेगळे वेळापत्रक दिलेले असते. मेस्त्रीला तेच दाखवावे. कूलंटच्या जागी बोअरचे पाणी ओतू नये, आत क्षार धरतात. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडायचे नाही. वायपरचे रबर काचेवर रेघा सोडू लागले की लगेच बदलावे.

सीमा ओलांडताना कागदपत्रे

पीयूसी कोणत्याही राज्यात काढलेली असो, देशभर चालते. नव्या गाडीला पहिले वर्षभर ती लागत नाही. पुढे बीएस-४ व बीएस-६ गाड्यांना तिची मुदत एक वर्ष असते. डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधील कागदपत्रेही ग्राह्य आहेत. 'केए २२'ची गाडी घेऊन कोल्हापूरला रोज ये-जा केल्याने नोंदणी बदलावी लागत नाही. गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यातच ठेवली, तर तिथे नवी नोंदणी करावी लागते.

घाटात निघण्याच्या आदल्या दिवशी टायर, ब्रेक ऑईलची पातळी, कूलंट, वायपर आणि सगळे दिवे एवढे पाहायला पंधरा मिनिटे पुरतात. ब्रेकचे पॅडल नेहमीपेक्षा खोल जात असेल, तर गाडी आधी गॅरेजला न्यावी. घाट दुसऱ्या दिवशीही चढता येतो.