घरून काम करणाऱ्या आईचा वेळ जातो कुठे? सोलापूरच्या विडी कामगार महिलांचा हिशेब काय सांगतो

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि 'वर्क फ्रॉम होम' हा शब्द घराघरांत पोहोचला. पुण्यातल्या आयटी कंपन्यांत नोकरी करणाऱ्या अनेक जणी लॅपटॉप घेऊन गावी परतल्या. मांडीवर मूल आणि कानाला हेडफोन, असे दृश्य नेहमीचे झाले. त्यानंतर मोबाइलवर सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. कामाची खोली वेगळी ठेवा, कामाचे तास ठरवून घ्या, मूल झोपले की अवघड काम उरका, दिवसाची यादी आदल्या रात्री करा, वगैरे.

सल्ले वाईट नाहीत. पण सोलापूरच्या पूर्वभागात हे 'वर्क फ्रॉम होम' पिढ्यान् पिढ्या चालू आहे आणि तिथे यातले निम्मे सल्ले दारातच अडतात. शहरातल्या विडी कामगार महिला घरात बसून विड्या वळतात. त्यांची संख्या ६० ते ७० हजार असल्याचे कामगार संघटना सांगत आल्या आहेत. त्यात तेलुगू भाषिक पद्मशाली समाजातील महिला मोठ्या संख्येने आहेत. घरातला पुरुष यंत्रमागावर आणि बाई विडीवर, अशी या भागातल्या असंख्य घरांची कमाई चालत आली. घर, मूल आणि कमाई एकाच खोलीत सांभाळण्याचा सर्वांत जुना अनुभव शहरात कोणाकडे असेल, तर तो यांच्याकडे आहे.

हे काम नेमके चालते कसे?

विडी कारखान्याच्या शाखेतून, म्हणजे बोलीभाषेत 'ब्रँच'मधून, तेंदूची पाने, तंबाखू आणि सूत मोजून मिळते. पाने कोरडी असतील तर वळताना तुटतात. म्हणून ती आधी भिजवायची, ओल्या फडक्यात किंवा गोणपाटात गुंडाळून मऊ करायची. मग पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्रीने एकसारखे तुकडे कापायचे. सूप मांडीवर घ्यायचे, पानात चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायची, सुताने बांधायची, तोंड दुमडून बंद करायचे. तयार विड्यांची बंडले बांधून ब्रँचवर न्यायची. तिथे तपासणी होते, खराब ठरलेल्या विड्या बाजूला काढल्या जातात आणि बाकीच्यांची नोंद होते. येताना दुसऱ्या दिवसाचा माल घेऊन यायचे.

म्हणजे दिवसाची यादी आदल्या रात्री करण्याचा सल्ला इथे वेगळा द्यावाच लागत नाही. रात्री पान भिजवले नाही, तर सकाळी काम सुरूच होत नाही.

एका विडीला किती वेळ?

मजुरी हजार विड्यांमागे ठरते. किमान वेतनाचा दरही सरकार हजार विड्यांवरच जाहीर करते. आता साधे गणित. एखाद्या महिलेने आठ तासांत हजार विड्या करायचे ठरवले, तर तासाला १२५ झाल्या पाहिजेत. म्हणजे एका विडीला साधारण २९ सेकंद, आणि त्यातच पान कापण्याचा वेळही आला. प्रत्यक्ष वळण्याची गती त्याहून जास्त ठेवावी लागते.

या २९ सेकंदांत आई कुठे बसते? तान्ह्या मुलाला दिवसातून चार वेळा दूध पाजायला प्रत्येकी २० मिनिटे धरली, तरी ८० मिनिटे झाली. वरच्या गतीने त्या सुमारे १६५ विड्या होतात. पगारदार आईने बाळाला पाजले म्हणून महिन्याचा पगार कमी होत नाही. बॉस नाराज होईल, बढती अडेल, तो वेगळा प्रश्न. नगावर मजुरी असणाऱ्या आईची मात्र त्याच दिवशी, त्याच तासाची मजुरी जाते. पाजणे, न्हाऊ घालणे, शाळेत सोडणे, आजारी मुलाजवळ बसणे, या सगळ्याची किंमत थेट तिच्या हजारातून वजा होते.

'कामाचे तास ठरवून घ्या' हा सल्ला इथेच अडतो. तास कितीही ठरवले तरी हजाराचा आकडा हलत नाही. दिवसा न झालेल्या विड्या रात्री वळाव्या लागतात.

शिवाय थांबलेले काम आहे तिथून पुढे सुरू होते, असेही नाही. लॅपटॉपवरची फाइल सेव्ह करता येते. भिजवून कापलेले पान थांबत नाही. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा ते लवकर वाळते. पंखा जोरात लावावा, तर तंबाखूचा भुगा उडतो. रांगते मूल असेल तर कात्री आणि तंबाखूचे सूप दोन्ही त्याच्या हाताला लागणार नाही, अशा जागी ठेवून उठायचे. एका खोलीच्या घरात अशी जागा शोधण्यातही वेळ जातोच.

तंबाखूचा त्रास केवळ मुलाच्या हाताला लागण्यापुरता नाही. ती हाताळताना निकोटिन त्वचेतूनही शरीरात जाते आणि भुगा श्वासावाटे जातो. मूल त्याच खोलीत झोपत असेल, तर आईच्या कामाची जागा ही त्याचीही जागा असते. 'मूल झोपले की काम उरका' या सल्ल्यात हा मुद्दा कधी येत नाही.

घरकामाचा वेळ कोणाच्या खात्यावर?

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ आणि २०२४ मध्ये देशभर वेळेच्या वापराचे सर्वेक्षण केले. पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार, असे २४ तास अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांत नोंदवण्यात आले. २०२४ च्या सर्वेक्षणानुसार घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या महिला त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात. पुरुष ८८ मिनिटे. मुले, वृद्ध किंवा आजारी यांची देखभाल करणाऱ्या महिलांचा वेळ १३७ मिनिटे, तर पुरुषांचा ७५ मिनिटे.

या सरासऱ्या त्या त्या कामात भाग घेणाऱ्यांच्या आहेत, त्यामुळे दोन आकड्यांची सरळ बेरीज करणे बरोबर नाही. पण लहान मूल असलेल्या घरातली बाई दोन्ही कामे करतेच. २८९ मिनिटे म्हणजे जवळजवळ पाच तास. त्यावर विडीचे आठ तास ठेवले, तर तेरा तास मुलाकडे न बघताच संपतात. उरलेला वेळ शिस्तीने वाढेल, असे मानायला जागा राहत नाही.

सोलापूरकरांना आणखी एक गोष्ट वेगळी सांगायला नको. उजनी धरणातून शहराला पाणी येते, तरी वर्षानुवर्षे नळाला पाणी काही दिवसांआडच येत आले आहे. पाण्याचा दिवस म्हणजे पिंप, घागरी, बादल्या भरण्याचा, साठलेले कपडे धुण्याचा दिवस. नळाची वेळ बाईच्या हातात नसते आणि त्या दिवशी हजाराचा आकडा गाठणे अवघड होते. पाणी रोज आणि ठरलेल्या वेळी आले, तर विडी कामगार महिलेची 'उत्पादकता' कोणत्याही ॲपपेक्षा जास्त वाढेल. हा महानगरपालिकेच्या बैठकीतला विषय वाटतो, पण आईच्या वेळेचाही आहे.

मग हजार विड्या पूर्ण होतात कशा?

याचे उत्तर अडचणीचे आहे. सासू पान कापते, नणंद सूत बांधते आणि अनेकदा शाळेतून आलेली मुलगी विड्यांची तोंडे बंद करायला बसते. मजुरी एका नावावर, हात तीन-चार जणींचे. बालकामगार प्रतिबंधक कायद्यात, म्हणजे १९८६ च्या मूळ कायद्यातही, विडी बनवणे हे मुलांना मनाई असलेल्या कामांच्या यादीत होते. २०१६ च्या दुरुस्तीने शाळेनंतर घरच्या व्यवसायात मदत करण्याची मुभा दिली, पण ती धोकादायक कामांना लागू नाही. प्रत्यक्षात घराच्या आत कोणी निरीक्षक येत नाही. आईच्या वेळेतली तूट मुलीच्या अभ्यासाच्या वेळेतून भरली जाते. घरून काम करण्याच्या चर्चेत सर्वांत जास्त पणाला लागलेली गोष्ट हीच आहे, आणि तिच्यावर सर्वांत कमी बोलले जाते.

घरात काम करणारी महिला 'कामगार' आहे का?

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. विडी आणि सिगार कामगारांसाठी १९६६ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. घरी काम करणाऱ्यांनाही त्यात घेतले होते. उद्योजकांनी त्याला आव्हान दिले, पण १९७४ मध्ये न्यायालयाने कायदा कायम ठेवला. पुढे वाद आला भविष्य निर्वाह निधीचा, म्हणजे पीएफचा. मालकांचा युक्तिवाद असा होता की, ही महिला आमच्या कारखान्यात येत नाही, किती वाजता काम करते ते आम्हाला माहीत नाही, तिच्यावर आमची देखरेख नाही, मग ती आमची कामगार कशी?

१९८५ मध्ये पी. एम. पटेल अँड सन्स खटल्यात न्यायालयाने हे मान्य केले नाही. तयार विडी तपासून ती नाकारण्याचा अधिकार मालकाकडे आहे, तोच पुरेसा नियंत्रणाचा पुरावा आहे, असे त्या निकालाचे सार. म्हणून घरी विड्या वळणाऱ्याही पीएफच्या हक्कदार ठरल्या. ब्रँचवरची तपासणी, जिथे महिलेची मजुरी कापली जाते, तीच तिच्या हक्काचा आधार ठरली. आज ऑनलाइन कामे घेणाऱ्या, 'तुम्ही कर्मचारी नाही, भागीदार आहात' असे ऐकणाऱ्या तरुण मातांनी हा जुना निकाल जरूर माहीत करून घ्यावा.

प्रसूती रजेबाबत चित्र अर्धे आहे. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली. कामाचे स्वरूप तसे असेल, तर रजेनंतर परस्पर संमतीने घरून काम करण्याची तरतूदही त्यात आली. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर सक्तीचे झाले. पण ज्या महिलेचे कामाचे ठिकाण तिचेच घर आहे, तिच्या दाराशी हे पाळणाघर येत नाही. ती सवलत कारखान्याच्या इमारतीला चिकटलेली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि १९६६ चा विडी कामगार कायदाही त्यात सामावला गेला. पाळणाघराची ही अडचण त्यामुळे आपोआप सुटलेली नाही.

खरेच मदत कशाची होते?

अंगणवाडीची होते, पण तिथली शाळापूर्व वेळ मोजक्या तासांची आणि तीन वर्षांवरच्या मुलांसाठी. सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना दिवसभर सांभाळण्यासाठी केंद्राची 'पाळणा' योजना आहे, तिच्यात अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची सोय आहे. विडी कामगारांच्या वस्तीत असे एक पाळणाघर चालले, तर आईचे तास आणि मुलाचा तंबाखूशी संबंध, दोन्ही प्रश्नांवर एकदम उपाय होतो.

घरांच्या बाबतीत सोलापूरने देशाला दाखवण्यासारखे काम केले आहे. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकारातून कुंभारी परिसरात विडी कामगार महिलांसाठी १० हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरांचे वाटप झाले. त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांचा रे नगर प्रकल्प आला. त्यातल्या १५ हजार घरांचे हस्तांतरण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. घरून काम करणाऱ्या बाईसाठी पक्के घर म्हणजे निवाराही आणि कारखानाही. माल ठेवायला कोरडी जागा, दार असलेली दुसरी खोली, मोरी घरात, एवढ्यानेही दिवसातले कितीतरी फेरे वाचतात. मात्र वसाहत शहराबाहेर असली की ब्रँच, शाळा आणि दवाखाना किती अंतरावर आहे, यावर वाचलेला वेळ टिकतो की बसमध्ये जातो, ते ठरते.

तुलनेसाठी लिज्जत पापडचे उदाहरण घेता येईल. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन ते काम सुरू केले. पद्धत विडीसारखीच. सकाळी मळलेले पीठ घरी न्यायचे, पापड लाटायचे, तयार माल जमा करायचा. फरक असा की तिथे लाटणारी बहीण संस्थेची मालकीणही असते आणि नफ्यात तिचा वाटा असतो. घरी बसून नगावर काम करणे म्हणजे कमी पैसे, हे काही निसर्गाने ठरवलेले नाही.

घरातल्या माणसांचा वाटा हा मुद्दा छोटा वाटेल. पण २८९ आणि ८८ या आकड्यांमधला फरक २०१ मिनिटांचा आहे. वरच्या गतीने त्या ४०० हून जास्त विड्या होतात.

विडी कामगार महिलांनी काय जपून ठेवावे?

कामगार ओळखपत्र, पीएफचा यूएएन क्रमांक आणि माल-विड्यांच्या नोंदीचे लॉगबुक. लॉगबुकमध्ये किती पाने, किती तंबाखू मिळाली, किती विड्या दिल्या आणि किती नाकारल्या, याची नोंद त्या त्या दिवशी करून घ्यावी. नोंद दुसऱ्याच्या नावावर असेल, तर पीएफ आणि प्रसूती लाभही त्याच नावावर जातो. यूएएन आधार आणि चालू मोबाइल क्रमांकाशी जोडलेला असेल, तर पीएफची शिल्लक उमंग ॲपवर पाहता येते.