यंत्राआधीचा हिशेब

भौतिकशास्त्राचं संशोधन म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? पांढरा कोट, काचेच्या नळ्या, कुठेतरी उडणाऱ्या ठिणग्या! सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञाच्या खोलीत यातलं काहीच नसतं. फळा, कागदांचा ढीग आणि संगणक. मग ही मंडळी दिवसभर करतात तरी काय?

पुण्याच्या डॉ. रोहिणी गोडबोले यांचं काम पाहिलं की याचं उत्तर मिळतं. हुजूरपागा, स. प. महाविद्यालय, मुंबईची आयआयटी आणि १९७९ मध्ये अमेरिकेतल्या स्टोनी ब्रूकची पीएच.डी. परत आल्यावर टीआयएफआर, मग मुंबई विद्यापीठात अध्यापन आणि १९९५ पासून बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था.

त्यांचा विषय मूलकणांचा. दोन कण प्रचंड वेगाने एकमेकांवर आदळले तर काय बाहेर पडेल, ते आधीच गणिताने सांगायचं. त्यासाठी टकरीच्या प्रत्येक शक्यतेचं एक छोटंसं रेषाचित्र काढतात. फाइनमन आकृती म्हणतात त्याला. वरवर पाहिलं तर मुलांनी गिरवलेल्या रेघोट्याच! पण प्रत्येक आकृतीमागे एक लांबलचक गणित असतं. आकृत्या वाढल्या की ते हाताने आवरत नाही, मग संगणक कामाला लागतो. तो लाखो खोट्या टकरी घडवून दाखवतो. पुढे खऱ्या यंत्रातली माहिती आली की ती या खोट्या टकरींशी ताडून बघायची.

१९९१ मध्ये गोडबोले आणि जर्मन शास्त्रज्ञ मानुएल ड्रेस यांनी असाच एक हिशेब मांडला. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांची टक्कर घडवणारी पुढच्या पिढीची मोठी यंत्रं तेव्हा कागदावरच होती. या टकरी 'स्वच्छ' असतात, असं मानलं जाई. पण कणांचे दाट झोत समोरासमोर आले की त्यांतून प्रकाशकण, म्हणजे फोटॉन, सुटतात. आणि इतक्या ऊर्जेला हा साधासुधा फोटॉनसुद्धा पोटात क्वार्क असल्यासारखा वागतो! असे फोटॉन आपसांत आदळले तर नको असलेल्या कणांचा एवढा कचरा होईल की हवं ते त्यातून निवडणं कठीण. तांदळापेक्षा खडेच जास्त झाले तर कसं निवडायचं, सांगा! शिवाय कचरा किती होणार, हे झोताच्या रचनेवर अवलंबून असतं, हेही त्यांनी दाखवलं. यंत्र बांधून झाल्यावर हे कळलं असतं तर केवढ्याला पडलं असतं! आराखडे करणाऱ्यांना याचा विचार करावाच लागला.

त्याच वर्षी अमेरिकेत पॉल गिन्सपार्ग यांनी शोधनिबंध संगणकावरून सर्वांना मोफत मिळण्याची सोय केली. आज तिला आर्काइव्ह म्हणतात. तोवर कच्चे निबंध टपालाने फिरायचे. मोठ्या संस्थांकडे आधी, लांबच्यांकडे उशिरा. मला तर कुठल्याही मोठ्या यंत्राइतकीच ही सोय महत्त्वाची वाटते. आता आडगावच्या महाविद्यालयातली मुलगीही जिनिव्हातला निबंध त्याच दिवशी वाचू शकते, इंग्रजी आणि इंटरनेट असलं तर. (हा 'तर' लहान नाही, हे तुम्ही जाणताच.)

गोडबोले यांनी राम रामस्वामी यांच्यासह २००८ मध्ये 'लीलावतीज् डॉटर्स' हे पुस्तक संपादित केलं. भारतीय स्त्री शास्त्रज्ञांनी त्यात स्वतःबद्दल लिहिलंय. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुण्यात त्या गेल्या. ज्या यंत्रांसाठी तो हिशेब होता, त्या आकाराचं एकही अजून उभं राहिलेलं नाही. आराखड्यांवर मात्र काम चालूच आहे.