आपली कल्हई आपणच करणारं भांडं

आमच्या नगरच्या घरात बोअरचं पाणी. स्टीलचा तांब्या घासून पालथा घातला की सकाळी त्याच्या अंगावर पांढऱ्या टिकल्या उमटलेल्या असतात. सासूबाई म्हणतात, "हे स्टीलच हलकं निघालं." हे वाक्य मी वीस वर्षं ऐकतेय. तांब्या त्यांच्या रुखवतातला, अजून कुठे पोचा नाही की भोक नाही.

त्या टिकल्या स्टीलच्या नव्हेतच, पाण्याच्या आहेत. आपल्याकडच्या काळ्या खडकात मुरलेलं पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेऊन वर येतं. थेंब सुकला की पाणी उडून जातं आणि चुना मागे राहतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलंय. दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचा. बोअरच्या पाण्याने तूरडाळ शिजता शिजत नाही, ती याच कठीणपणामुळे. पिळून झालेल्या लिंबाची फोड किंवा चिंचेचा कोळ दोन मिनिटं फिरवला की टिकल्या जातात. धुतल्या धुतल्या फडक्याने पुसलं तर त्या उमटतच नाहीत, पण तेवढी उसंत कुणाला असते?

चिंच म्हटली की पितळ आठवतं, आणि माझ्या मते सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. आपण स्टील वापरायला लागलो, पण हाताला सवय पितळेचीच राहिली. पितळ काळवंडतं म्हणजे त्याच्या पृष्ठभागावर हवेने थर धरतो. तो चिंच-राखेने खरवडून काढला की खालचं पितळ लखलखतं. स्टीलचं उलट आहे. त्यात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं आणि हवा लागताच या क्रोमियमचा एक पारदर्शक थर वर तयार होतो. हा थर इतका पातळ की केसाच्या जाडीत असे दहा हजार थर सहज मावतील. तोच स्टीलला राखतो. ओरखडा गेला तर हवा-पाण्यातला ऑक्सिजन घेऊन तो पुन्हा धरतो. पितळी पातेल्याला कल्हई करायला भाता, कथील आणि नवसागर घेऊन कल्हईवाला दारात यावा लागायचा. स्टील स्वतःची कल्हई स्वतःच करतं. पितळेचा थर काढायचा असतो, स्टीलचा जपायचा असतो.

म्हणून "स्टेनलेस म्हणजे कधीच न गंजणारं" हेही अर्धंच खरं. १९१३ साली इंग्लंडातल्या शेफिल्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून पोलादाचे प्रकार करून बघत होता, त्यातून हे हाती लागलं. पुढे त्याच्या सुऱ्या झाल्या आणि मग भांडी. थर शाबूत तोवर गंज नाही, एवढंच ते आश्वासन.

मग ताटावर तांबूस ठिपके कुठून येतात? बहुतेक वेळा घासणीतून. बाजारातल्या स्वस्त तारेच्या घासण्या सगळ्याच स्टेनलेस नसतात, पुष्कळशा साध्या लोखंडाच्या असतात. त्यांचे बारीक तुकडे ताटाला चिकटून बसतात, रात्रभर ओले राहतात आणि गंजतात. ठपका ताटावर, गंज तारेचा. खायच्या सोड्याचा लगदा लावून मऊ घासणीने चोळलं तर तो निघून जातो आणि खाली ताट चांगलं असतं. "तार स्टीलचीच तर आहे, स्टीलला कशी ओरखडेल?" असंही विचारतात. सारख्याच कठीण वस्तू एकमेकींना व्यवस्थित ओरखडतात. राखेचं म्हणाल तर तिच्यातला क्षार तेलकटपणा उत्तम काढतो, पण तिच्यात कचही असते. काळ्या झालेल्या बुडाला ती चालेल. चकचकीत ताटाला नारळाची शेंडी आणि साबण पुरे.

स्टीलचा खरा वैरी मीठ आहे, आणि त्याच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. मिठातला क्लोराइड तो अदृश्य थर टाचणीच्या टोकाएवढ्या जागी फोडतो आणि मग तिथेच खोल खात जातो. गार पाण्यात मीठ टाकून पातेलं गॅसवर ठेवलं की खडे बुडाशी जाऊन बसतात आणि नेमकं तिथे हे होतं. पाणी उकळल्यावर मीठ घालून ढवळलं की प्रश्न मिटला. लोणचं मात्र स्टीलच्या डब्यात मुरवू नये. मीठ आणि आंबट, दोन्ही एकत्र महिनोन्‌महिने म्हणजे फार झालं. त्याला चिनी मातीची बरणीच हवी.

ब्लीचिंग पावडर याच जातीची. राहुरीकडच्या आमच्या नातेवाइकांनी एका पावसाळ्यात पाणी गढूळ आलं म्हणून स्टीलच्या पिंपात टीसीएल पावडर तशीच भुरभुरली. ती तळाशी जाऊन बसली. आठ-दहा दिवसांनी पिंप रिकामं केलं तर बुडाला सुईने टोचल्यासारखी बारीक काळी टिंबं. नखाने चाचपलं तर टिंब नव्हे, खड्डा लागत होता. पुढच्या वर्षी पिंप पाझरायला लागलं. पावडर प्लॅस्टिकच्या बादलीत कालवून, साका खाली बसू देऊन वरची निवळी घातली असती तर पिंप वाचलं असतं. प्रवरेच्या कालव्याखाली जिथे जमिनी खारवट झाल्यात तिथे विहिरीच्या पाण्यातच मीठ जास्त. अशा गावात ओली भांडी एकात एक रचून ठेवणं टाळावं.

आता लोहचुंबक. दुकानात गिऱ्हाईक खिशातून चुंबक काढतं, ताटाला लावतं, चिकटलं नाही की खूश. अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असलेलं ३०४ नंबरचं स्टील चिकटत नाही, हे खरं. पण निकेल वाचवून मँगनीज घातलेलं स्वस्त २०० मालिकेचं स्टीलही चिकटत नाही. जुन्या साड्या घेऊन बोहारीण देते ते पातेलं आणि दुकानातलं महागडं पातेलं, दोन्ही या परीक्षेत पास. उलट निकेल नसलेलं ४३० चिकटतं, आणि ते काही बनावट नव्हे. इंडक्शनवर चालायला भांड्याचं बूड चिकटणारंच लागतं. चुंबकापेक्षा छाप वाचावी. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने स्टीलच्या भांड्यांना आयएसआय मार्क सक्तीचा करणारा आदेश काढलाय.

टोमॅटोचं सार स्टीलमध्ये उकळलं की "विष उतरतं" अशी भीती फिरते. आंबट पदार्थ खूप वेळ शिजवला तर थोडं निकेल आणि क्रोमियम उतरतं, हे २०१३ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. नव्या भांड्यातून जास्त, आणि वापरत गेलं तसं कमी. निकेलची अ‍ॅलर्जी असेल त्याने जपावं, बाकीच्यांनी सार प्यावं.

करपलेल्या पातेल्याकडे वळू. हुलग्याचे शेंगोळे बुडाला लागले की ते घासून निघत नाहीत, आणि घासूही नयेत. पाणी घालून दोन चमचे खायचा सोडा टाकायचा, दहा मिनिटं उकळायचं, गार होऊ द्यायचं. काळी खपली लाकडी उलथन्याने आपोआप सुटते. यात सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकायचा सल्ला हल्ली फार चालतो. फेस झकास येतो. पण आम्ल आणि क्षार एकमेकांना मारतात आणि उरतं ते जवळजवळ नुसतं पाणी. संगमनेर-राहात्याकडे दूध डेअरीत काम केलेल्या कुणालाही विचारा. दुधाच्या स्टीलच्या टाक्या आधी कॉस्टिकने धुतात, त्याने स्निग्धांश आणि प्रथिनं निघतात. मग स्वच्छ पाणी. मग आम्ल, त्याने दुधाचा दगडासारखा साका निघतो. दोघांची गाठ पडू देत नाहीत. ती रसायनं घरात आणायची नाहीत, पण क्रम घरी चालतो. करपलं असेल तर सोडा, चुना धरला असेल तर लिंबू, आणि दोन्ही असेल तर एकामागून एक.

रिकामी कढई तापत राहिली की उमटणारे निळे-सोनेरी रंग पाहून काहीजण ती टाकूनच देतात. तोच संरक्षक थर उष्णतेने जाड झालेला असतो, म्हणून उजेडात रंग दिसतात. लिंबू फिरवा किंवा तसंच राहू द्या.

परवा सासूबाईंच्या तांब्याला मी चिंचेच्या कोळात अर्धा तास ठेवलं. गळ्याखाली मशीनने टिंबाटिंबांनी घातलेलं नाव आहे. त्या टिंबांत इतक्या वर्षांचा चुना बसला होता. जुन्या टूथब्रशने घासलं तसं आधी नाव आणि मग खालची तारीख उघडी पडली, १४-५-७९. मी मोठ्याने वाचली. सासूबाईंनी तांब्या हातातून घेतला, चष्मा वर करून पाहिला आणि म्हणाल्या, "चुकीचीच घातली होती मेल्याने. लग्न पंधराला होतं."