पत्रा ज्याचा, चित्र त्याचे

व्होल्गाकाठच्या यारोस्लाव्हल शहरात एलीया संदेष्ट्याचे चर्च आहे. गुरी निकितिन, सिला साविन आणि त्यांच्या साथीदारांनी १६८०-८१ मध्ये त्याच्या भिंती रंगवल्या. त्यांतले कापणीचे दृश्य विशेष प्रसिद्ध आहे. प्रसंग अलीशा संदेष्ट्याच्या कथेतला, पण विळे चालवणाऱ्या शेतकऱ्यांचे कपडे पश्चिम युरोपातले! याचे कारण ॲमस्टरडॅममध्ये सापडते.

तिथल्या काल्व्हरस्ट्राट या गजबजलेल्या रस्त्यावर क्लास यान्स व्हिसर (१५८७–१६५२) याचे दुकान होते. नकाशे, शहरांची दृश्ये, ताज्या घडामोडींची चित्रे असा त्याचा माल. १६३९ मध्ये त्याने ‘थिएट्रम बिब्लिकम’ हा बायबलमधील प्रसंगांचा जाडजूड चित्रसंग्रह काढला. व्हिसरच्या लॅटिन नावावरून रशियात तो ‘पिस्कातोर बायबल’ म्हणून पोहोचला आणि तिथल्या भित्तिचित्रकारांनी त्यातल्या मांडण्या उचलल्या.

गंमत अशी की संग्रहातली पुष्कळशी चित्रे व्हिसरच्या जन्माआधीची होती.

त्या काळी एका मुद्राचित्रामागे निदान तीन माणसे असत. चित्रकार रेखाटन करी. कोरक्या ते टोकदार कोरणीने तांब्याच्या पत्र्यावर उलटे उतरवी. प्रकाशक पैसा घाली आणि छापून विकी. शाई खाचांत भरायची, वरची पुसून काढायची, ओलसर कागद ठेवून पत्रा रुळांतून दाबून काढायचा, अशी छपाईची रीत. चित्राखाली तिघांचीही नावे येत, पण पत्रा राही प्रकाशकाकडे. तो विकला, वारशाने गेला, की नवा मालक जुने नाव घासून आपले कोरी. अँटवर्पच्या गेरार्ड दे योडेने १५८५ मध्ये काढलेल्या बायबलचित्रांच्या संग्रहातले पत्रे असेच व्हिसरकडे आले.

व्हिसरने नुसते नावच बदलले नाही. तो कॅल्व्हिनपंथी होता आणि या पंथाला देवाला माणसाचे रूप देणे मान्य नव्हते; १५६६ मध्ये नेदरलँड्समधल्या चर्चांतल्या मूर्ती आणि चित्रे जमावांनी फोडली होती. व्हिसरने जुन्या पत्र्यांवरचा दाढीवाला पिता परमेश्वर खरवडून काढला आणि तिथे देवाच्या नावाची चार हिब्रू अक्षरे कोरून घेतली. कॅथलिक माल असा प्रॉटेस्टंट गिऱ्हाइकांना चालेल असा झाला. चर्चच्या भिंती पांढऱ्या राहिल्या तरी घरात चित्रांचे पुस्तक चालत होते. काही जण तर सुटी चित्रे आणून आपल्या बायबलमध्येच बांधून घेत.

ही चित्रे भारतातही लवकर आली. गोव्याहून निघालेल्या जेझुइट पाद्र्यांनी १५८० मध्ये अँटवर्पच्या प्लांतँ छापखान्याचे बहुभाषिक बायबल अकबराला भेट दिले. पुढे मुघल चित्रकार केसूदासाने मत्तय आणि देवदूत यांचे चित्र रंगवले. त्याचा आधार होता हार्लेमच्या मार्टन व्हान हेमस्कर्कच्या रेखाटनावरून फिलिप्स गाल्लेने कोरलेले मुद्राचित्र. केसूदासाचे चित्र आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे.

रेम्ब्रांटची गोष्ट वेगळी वाटते. तो स्वतः रेखाटी, स्वतः पत्र्यावर काम करी आणि शाईचे, कागदाचे प्रयोगही करी. रुग्णांना बरे करणारा ख्रिस्त दाखवणारे त्याचे ‘शंभर गिल्डरचे चित्र’ (सुमारे १६४८) पारखी लोक जपानी कागदावरही घेत. पण पत्र्यांचे नशीब त्यालाही चुकले नाही. क्लेमेंट दे योंगे या विक्रेत्याच्या मालमत्तेच्या १६७९ च्या यादीत रेम्ब्रांटचे ७४ पत्रे नोंदलेले आहेत. ‘शंभर गिल्डर’चा झिजलेला पत्रा अठराव्या शतकात कॅप्टन विल्यम बेली याच्या हाती पडला. १७७५ मध्ये त्याने तो पुन्हा कोरून प्रती काढल्या. मग पत्र्याचे चक्क चार तुकडे केले आणि तेही छापून विकले.

पत्र्याला झालेली इजाही प्रतींत दिसे. प्रकाशक पीटर मॉर्टियेने १७०० मध्ये ॲमस्टरडॅमला काढलेल्या चारशेंहून अधिक चित्रांच्या दोन खंडी बायबलात शेवटच्या पत्र्याला तडा गेला होता. तो सांधल्याच्या खुणा नंतरच्या प्रतींत उमटल्या. संग्राहक आजही आधी तेच पान उघडतात.

या चित्रांचा इतिहास चित्रकारांच्या नावाने लिहिला जातो. तो पत्र्यांच्या मालकांच्या नावानेही लिहायला हवा, कारण काय टिकले, काय खोडले गेले आणि काय यारोस्लाव्हलपर्यंत पोहोचले, यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने आपल्या संग्रहातली असंख्य मुद्राचित्रे संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली आहेत. वाचकांनी ती जरूर पाहावीत, आणि चित्र पाहून झाले की खालच्या कडेवरची नावेही वाचावीत.