लेकरू दवाखान्याला का भितं?

आता बघा, आपल्या बीड जिल्ह्यात लेकरू जेवत नसलं की घरातलं कोणीतरी म्हणतंच, "खा, नाहीतर डॉक्टरकडे नेऊन सुई टोचवीन." दोन वर्षांच्या लेकराला डॉक्टर म्हणजे काय हे कळायच्या आधी सुई म्हणजे शिक्षा हे कळलेलं असतं. मग खरंच ताप आला की तेच लेकरू दवाखान्याच्या पायरीवर आईच्या पदराला धरून बसतं, आणि आपण म्हणतो, "किती भितंय हे!"

पण सगळाच दोष धाकाचा नाही. आठ-नऊ महिन्यांच्या सुमारास बाळ अनोळखी माणसाला बिचकायला लागतं, ते वाढीचंच लक्षण. नेमका त्याच वयात, नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाचा पहिला डोस येतो. शिवाय आपली एक सवय आहे, मोठ्यांची. साध्या सर्दी-तापाला गेलो तरी "साहेब, एक सुई मारा" असा आग्रह. बहुतेक तापांना सुई लागत नाही. दर खेपेला टोचून घेतलेल्या लेकराची भीती खोटी कशी म्हणायची?

ऊसतोडीच्या घरांत हे जास्त अवघड होतं. दिवाळीच्या आसपास टोळी निघते, ती मार्च-एप्रिलला परत येते. फडावर कोयत्याचा म्हणजे नवरा-बायकोचा हिशेब. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. तेव्हा आईला लेकराला समजवायला वेळ कुठून मिळणार? रडतंय, राहू द्या, पुढच्या वेळी बघू, असं म्हणत डोस मागे पडतो. इथे भीतीची किंमत खरोखर मोजावी लागते. कारण गोवर साधा आजार नाही. कुपोषित लेकराला तो न्यूमोनियापर्यंत नेतो.

मग करायचं काय? पहिलं, खोटं बोलू नका. "काही होत नाही, आपण बिस्कीट आणायला चाललोय" म्हणून नेलं की लेकरू सुईपेक्षा आईवर जास्त रागावतं. "थोडं दुखेल, मी तुला धरून बसते" एवढं पुरे. दुसरं, टेबलावर आडवं दाबून धरू नका, मांडीवर सरळ बसवून कवेत घ्या. तान्ह्या बाळाला टोचण्याच्या आधी आणि टोचताना अंगावर पाजा. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये लसीकरणाच्या वेदना कमी करण्यासाठी जे सांगितलं, त्यात हे आहे. एकाच वेळी दोन-तीन लसी असतील तर जास्त दुखणारी शेवटी, हेही त्यातच आहे. नर्सताईंना विचारायला लाजू नका.

शाळेतल्या पोरांचं वेगळं. नोव्हेंबर 2018 मध्ये राज्यात गोवर-रुबेलाची मोहीम झाली, नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी. शाळाशाळांत रांगा लागल्या. रांगेत पुढचा ओरडला की मागचे दहा घाबरतात! म्हणून टोचण्याची जागा रांगेच्या नजरेआड हवी, आणि दहा वर्षांवरच्यांना बसवूनच टोचावं, कारण भीतीने भोवळ येते. ती लसीची रिअ‍ॅक्शन समजून गावभर अफवा होते.

आणि एक. अंगणवाडीत वजन करायचं असतं, सुई नसते, त्या दिवशीही लेकराला घेऊन जा. आशाताईंशी ते खेळेल, काट्यात बसेल. कारखान्यावर जाताना लसीकरणाचं कार्ड पिशवीत वरच ठेवा. राहिलेला डोस तिकडच्या सरकारी दवाखान्यातही फुकट मिळतो.