सहस्र मूर्तींची पहाट

क्योटो येथील सान्जूसान्गेन्दो या बौद्ध मंदिराच्या सुमारे १२० मीटर लांब लाकडी दालनात, मध्यभागी विराजमान असलेल्या एका भव्य मूर्तीच्या दोन्ही बाजूंस, प्रत्येकी पाचशे याप्रमाणे एक हजार सुवर्णमंडित मूर्ती दाटीने उभ्या आहेत, आणि त्या सर्वच्या सर्व एकाच देवतेच्या, सहस्रभुज कान्नोनच्या आहेत. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वरच. कान्हेरीच्या ४१व्या लेण्यातील त्याची एकादशमुखी मूर्ती ज्याने पाहिली असेल, त्याला या करुणामय बोधिसत्त्वाचा निराळा परिचय करून देण्याचे प्रयोजन नाही. ११६४ साली स्थापन झालेले हे मंदिर १२४९च्या आगीत भस्मसात झाले व १२६६ साली पुन्हा उभे राहिले. जुन्या मूर्तींपैकी १२४ तेवढ्या बचावल्या.

टोकियोत १९४८ साली जन्मलेले आणि पुढे न्यूयॉर्कला स्थायिक झालेले छायाचित्रकार हिरोशी सुगिमोतो यांनी या दालनाचे चित्रण करण्याच्या परवानगीसाठी सात वर्षे अर्जविनंत्या केल्या. १९९५ साली मंजुरी मिळाल्यावर त्यांनी जे केले, त्यातच त्यांच्या कलेचे मर्म आहे, असे मला वाटते. मागाहून चढलेली सजावट त्यांनी दूर करविली, विजेचे दिवे मालवले, आणि ऐन उन्हाळ्यातील पहाटे, पूर्वाभिमुख दालनात हिगाशियामाच्या डोंगरांवरून पहिली किरणे शिरून मूर्तींवरील सोने उजळू लागे, तेवढ्या अवधीतच मोठ्या कॅमेऱ्याने ते चित्रण करीत. बाराव्या शतकातील भक्ताला ज्या प्रकाशात हे दर्शन घडले असेल, तो प्रकाश परत आणणे, हेच त्यांचे ईप्सित होते.

यातून सिद्ध झालेली ‘सी ऑफ बुद्ध’ ही ४८ कृष्णधवल चित्रांची मालिका एकेकटे चित्र म्हणून पाहावयाची नाही. ती मांडणशिल्पासारखी अनुभवायची. मांडणशिल्पात वस्तूइतकेच तिच्या मांडणीला, रिकाम्या जागेला आणि प्रेक्षकाच्या चालण्याला महत्त्व असते. ही चित्रे भिंतीवर ओळीने मांडली की प्रथमदर्शनी एकच चित्र पुनःपुन्हा लावल्याचा भास होतो. परंतु पावलागणिक नजर स्थिरावते, एका मुखावरील छाया दुसऱ्यावर नाही, हे ध्यानी येते, आणि माळेवर तेच नाम घेणाऱ्याला प्रत्येक मणी निराळा जाणवावा तशी ही पुनरुक्ती जिवंत होते.

पुढे २०११ साली सुगिमोतोंनी वीतभरही उंच नसलेले काचेचे स्तूप घडविले. जपानमधील पंचचक्र-स्तूपाचेच हे रूप: तळाशी पृथ्वीचा घन, त्यावर आपाचा गोल, तेजाचा पिरॅमिड, वायूचा अर्धगोल आणि शिखरावर आकाशाचा मणी. आपाच्या गोलात त्यांनी स्वतःच टिपलेल्या समुद्राच्या छायाचित्राची इवलीशी फिल्म बसविली आहे. वर आकाश, खाली पाणी, मध्ये क्षितिज. प्रेक्षकाला त्या एवढ्याशा समुद्रासाठी वाकावे लागते, आणि मूर्तीपुढे आपण वाकतो ते याहून फार वेगळे असते काय?

क्योटोत अशी श्रद्धा आहे की, त्या हजार मुखांमध्ये, ज्याच्या भेटीची आस लागली आहे त्याचे मुख पाहणाऱ्याला हमखास सापडते. सुगिमोतोंच्या चित्रांपुढेही पाय रेंगाळतात, आणि नजर एका मुखावरून दुसऱ्याकडे जात राहते.