सर्वश्रेष्ठ द्रुतगती गोलंदाज कोण? – एक मोजमापाचा प्रश्न

मधल्या सुट्टीत हा वाद तुम्हीही घातला असेल. भारताचा आजवरचा सर्वश्रेष्ठ द्रुतगती गोलंदाज कोण? एक म्हणतो कपिलदेव, दुसरा म्हणतो बुमराह, आणि तिसऱ्याला आजोबांकडून ऐकलेले महंमद निसार हे नाव आठवते. घंटा होते आणि वाद तसाच राहतो. माझ्यापुरते आधीच कबूल करतो, की उत्तर कपिलदेव असे यावे अशी माझी इच्छा आहे. प्रयोगाआधीच उत्तर ठरवून बसलेल्या विद्यार्थ्याची वही आम्ही शिक्षक जरा बारकाईने तपासतो. माझी पुढील आकडेमोड तुम्ही तशीच तपासा.

प्रथम वेग. ताशी १४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ३९ मीटर. दोन्ही बाजूंच्या क्रीझमधील अंतर १७.६८ मीटर आहे. हवेचा विरोध आणि टप्पा यांमुळे चेंडू मंदावतो, तरी फलंदाजाला जेमतेम अर्धा सेकंद मिळतो. आज हा वेग रडारने मोजतात. पण २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर भारताचा पहिला कसोटी सामना सुरू झाला, तेव्हा रडारगन कुठली? त्या सकाळी निसारांनी होम्स आणि सटक्लिफ या दोघांचेही त्रिफळे उडवले. याच जोडीने दहाच दिवसांपूर्वी यॉर्कशायरसाठी ५५५ धावांची सलामी दिली होती! इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ झाली. निसार अतिशय वेगवान होते यात शंका नाही; पण ‘अतिशय’ला एकक नाही.

शिवाय वेग म्हणजे सर्वस्व नव्हे. कपिलदेवांचे खरे शस्त्र होते आउटस्विंगर. शिवण स्लिपच्या दिशेला तिरपी धरली, की एका बाजूची हवा शिवणीवर अडखळून खळबळते. अशी खळबळलेली हवा चेंडूला जास्त वेळ चिकटून राहते, दुसऱ्या बाजूची गुळगुळीत वाहणारी हवा लवकर सुटते, आणि चेंडू शिवणीच्या दिशेने वळतो. वेग फारच वाढला, तर दोन्ही बाजूंची हवा खळबळते व हा फरक पुसट होतो. म्हणजे नुसत्या वेगाच्या पट्टीने मोजले, तर ही कला मोजमापातून निसटते.

तेव्हा आपण बळींच्या सरासरीकडे वळू, म्हणजे एका बळीमागे दिलेल्या धावा. कसोटीत निसार २८.२८, कपिलदेव २९.६४, जवागल श्रीनाथ ३०.४९, आणि आपल्या श्रीरामपूरचे झहीर खान ३२.९४. सरासरी जितकी कमी तितकी चांगली. मग निसार कपिलदेवांपेक्षा श्रेष्ठ ठरले का?

थांबा. निसारांचे बळी २५, तेही ६ सामन्यांत. दुसऱ्या महायुद्धापूर्वी भारत एकूण ७ कसोटी सामनेच खेळला, त्याला ते बिचारे काय करणार! कपिलदेवांचे बळी ४३४, सामने १३१. किरणोत्सर्गाच्या प्रयोगात गायगर गणकाने मिनिटाला २५ टिकटिकी मोजल्या, तर पुढच्या मिनिटाला कधी २१, कधी ३० येतात. मोजलेली संख्या जेवढी, तिच्या वर्गमूळाइतकी अनिश्चितता धरावी, असा ढोबळ नियम आहे. बळी काही किरणोत्सर्गी अणू नव्हेत, पण अंदाजासाठी हा नियम चालेल. २५ चे वर्गमूळ ५, म्हणजे २० टक्के. निसारांची सरासरी २८.२८ नव्हे, तर साधारण २२.६ ते ३३.९ यांच्या दरम्यान कुठेतरी, असे लिहायला हवे. ४३४ चे वर्गमूळ सुमारे २१, म्हणजे ५ टक्क्यांच्या आत. म्हणून कपिलदेव २८.२ ते ३१.१. निसारांचा पट्टा एवढा रुंद आहे, की कपिलदेवांचा पट्टा त्यात पूर्ण मावतो. श्रीनाथांचे बळी २३६, त्यांचा पट्टा २८.५ ते ३२.५. त्यांच्यात आणि कपिलदेवांतही सरासरीवरून निवाडा होत नाही. दशांश चिन्हापुढचे ते दोन अंक, ज्यांवरून मित्र मित्राशी अबोला धरतो, ते निरर्थक आहेत.

आता जसप्रीत बुमराह. डिसेंबर २०२४ मध्ये मेलबर्नला त्यांचे २०० बळी पूर्ण झाले, तेव्हा सरासरी होती १९.५६. २०० चे वर्गमूळ १४, म्हणजे ७ टक्के. पट्टा १८.२ ते २०.९. हा कपिलदेवांच्या पट्ट्याच्या जवळपासही येत नाही. माझ्या इच्छेला हे मानवत नाही, पण हा फरक योगायोगाचा नाही.

तरीही एक पळवाट उरते, आणि ती शास्त्रशुद्ध आहे. व्हर्निअरमध्ये शून्य त्रुटी असेल, तर हजार वाचने घेऊनही ती जात नाही. तशी त्रुटी इथे आहे का? मी मोठ्या उत्साहाने म्हणालो, कपिलदेवांना मायदेशी फिरकीसाठी केलेल्या निर्जीव खेळपट्ट्या मिळाल्या. मग आकडे काढले. मायदेशी २१९ बळी, सरासरी २६.४९; परदेशी २१५ बळी, सरासरी ३२.८५. म्हणजे नेमके उलटे! माझा आवडता युक्तिवाद तिथेच कोसळला.

दुसरी त्रुटी मात्र टिकते. बुमराहांना इशांत शर्मा, महंमद शमी असे जोडीदार लाभले. कपिलदेव १९७८ मध्ये संघात आले, त्याआधी भारतात नव्या चेंडूची चकाकी लवकर जावी म्हणून काय काय करीत! सुनील गावसकरांनीसुद्धा कसोटीत गोलंदाजीची सुरुवात केलेली आहे. कपिलदेवांनी १६ वर्षांत २७,७४० चेंडू टाकले, आणि दुखापतीमुळे एकही कसोटी चुकवली नाही. १९८१ मध्ये मेलबर्नला तर त्यांनी दुखऱ्या पायाने २८ धावांत ५ बळी घेतले आणि ऑस्ट्रेलियाचा डाव ८३ धावांत आटोपला. सहनशक्ती हीसुद्धा एक राशी आहे, आणि तिच्यात त्यांच्या जवळ कुणी नाही.

म्हणून माझ्या वहीत आता दोन नोंदी आहेत: एका बळीची किंमत मोजायची तर बुमराह, वाहिलेला भार मोजायचा तर कपिलदेव. दोन्हींची एकके वेगळी. मीटरमधून किलोग्रॅम वजा करता येत नाहीत.

एक उदाहरण तुमच्यासाठी. मुंबईचे बुटके पण चपळ रमाकांत देसाई २८ कसोटी सामने खेळले. बळी ७४, सरासरी ३७.३१. त्यांचा पट्टा काढा, आणि तो झहीर खान यांच्या पट्ट्याला (बळी ३११) स्पर्श करतो का ते पाहा.